कथेतले ‘आणि’ कमी करताना

केळीपान, रावेर
माझ्या एका लघुकथेत पुढील वाक्य होते : ‘ट्रक आला आणि मजूर उतरले आणि घड कापू लागले आणि आबा बांधावर बसून राहिले.’ ‘आणि’ फार झाले, असा शेरा मारून एका संपादकांनी कथा परत पाठवली. मग मी ते असे बदलले : ‘घड कापून ट्रक निघाला, तेव्हा आबा बांधावरच बसलेले होते.’ वाक्य आटोपशीर झाले खरे, पण काहीतरी खटकते आहे. नेमके काय, हे कोणी सांगेल का?

निवृत्त मराठी शिक्षक, अमळनेर
खटकते ते ‘कापून’. ‘-ऊन’ लागलेल्या क्रियेचा आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता सहसा एकच असावा लागतो, त्यामुळे येथे घड ट्रकनेच कापल्यासारखे वाटते. ‘पाऊस पडून तापीला पूर आला’ हे मात्र चालते, कारण तेथे जाणूनबुजून काही करणारा कोणी नाही. एका घटनेतून दुसरी घडते, एवढेच. कर्ते वेगळे असतील तर ‘मजुरांनी घड कापल्यावर ट्रक निघाला’ असे लिहावे.

शाळेत आपण मिश्र वाक्याचे पृथक्करण करताना प्रधान वाक्य आणि गौण वाक्य ओळखून थांबतो (मीही वर्षानुवर्षे तेवढेच करून घेतले). कथेत मात्र कोणती गोष्ट गौण वाक्यात घालायची, हाच खरा निर्णय असतो, कारण तेथे गेलेली गोष्ट वाचक गृहीत धरून पुढे सरकतो. तुमच्या वाक्यात ट्रकचे निघणे गौण आहे आणि आबांचे बसणे प्रधान. ही मांडणी मोडू नका.

तापीकाठ, भुसावळ
सरांचे म्हणणे मान्य, पण मूळ वाक्यावर अन्याय होतो आहे. तीन ‘आणि’मुळे सगळ्या घटना एकाच पातळीवर येतात आणि आबांचे बसणेही मजुरांच्या कामासारखेच एक काम होऊन बसते. निवेदक लहान मूल असेल, तर हे संयुक्त वाक्यच योग्य. शेवटच्या ‘आणि’ऐवजी ‘पण’ घातलात, तर त्या मुलाला आबांचे दुःख कळले, असा अर्थ निघेल.

जो-तो रचनेचाही विचार करा. ‘माल नेलेला व्यापारी पैसे द्यायला आला नाही’ हे तक्रारअर्जासारखे वाटते. ‘ज्याने माल नेला, तो पैसे द्यायला आलाच नाही’ यात ‘तो’ येईपर्यंत वाचकाला थांबावे लागते.

केळीपान, रावेर
निवेदक आठ वर्षांचा नातूच आहे. आता असे केले : ‘ट्रक आला आणि मजूर उतरले आणि घड कापू लागले. आबा बांधावर बसून राहिले.’ ‘ज्याने माल नेला’ हे वाक्य पुढच्या परिच्छेदात आबांच्या तोंडी घालते.