शब्दचर्चा : ‘योइक’ला मराठीत काय म्हणावं?

उत्तर युरोपातल्या सामी या आदिवासी लोकांच्या योइक गायनावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात यून हेन्रिक फ्येलग्रेन या गायकाचा प्रसंग आहे. २०१४ साली स्वीडनच्या ‘तालांग’ या टीव्ही स्पर्धेत त्याने आपल्या वारलेल्या मित्राचा योइक म्हटला आणि स्पर्धा जिंकली. मी आधी ‘मित्रावर गाणं म्हटलं’ असं लिहिलं, मग खोडून ‘मित्राच्या आठवणीत गायलं’ केलं. पण पुढच्याच परिच्छेदात लिहिलंय की योइक कुणाविषयी नसतोच. मग काय लिहू? आणि उच्चार जॉइक की योइक?

प्रतिसाद

उच्चार योइकच. मूळ क्रियापद उत्तर सामी भाषेतलं, ‘युओइगत’, म्हणजे योइक म्हणणे. त्यावरून नॉर्वे-स्वीडनच्या लोकांनी ‘योइक’ हे नाम केलं. सामींची स्वतःची नामं निराळी आहेत: उत्तरेकडे ‘लुओहती’, दक्षिणेकडे ‘वुएलिए’.

तुमची अडचण मात्र ‘वर’ आणि ‘विषयी’ या शब्दांत आहे. सामी भाषेत ‘युओइगत’ला थेट कर्म लागतं. माणसाला, लांडग्याला, डोंगराला योइकतात. गाणारा त्या माणसाचं वर्णन करत बसत नाही, त्याला समोर आणतो. शब्द नावाला दोन-चार, कधी तेवढेही नाहीत, नुसते ‘लो लो ला’, ‘नु नु’ असे स्वर. छोटीशी चाल पुन्हा पुन्हा फिरत राहते. त्या माणसाचं चालणं, त्याचा ताठा, त्याचं हसणं हे सगळं त्या उड्या मारणाऱ्या स्वरांत असतं. ऐकणारा ओळखीचा असेल तर नाव न घेताही कोण आलं ते त्याला कळतं. आणि मग गाणं मध्येच थांबतं. समेवर येणं नाही, शेवटची ओळ नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं रेकॉर्डिंग तुटलं. पण वर्तुळाला शेवट कुठून येणार?

मराठीत याच्या सर्वांत जवळचं क्रियापद मला ‘आळवणे’ वाटतं. ‘विठ्ठलाला आळवतो’ यात मध्ये ‘विषयी’ येत नाही. शिवाय आपण रागही आळवतो, तिथेही शब्दांपेक्षा स्वरच मोठे. पण आळवण्यात विनवणी आहे, समोरचा दूर आहे हे गृहीत आहे. योइकमध्ये विनवणी नाही. ‘राम गावा’ हा प्रयोग त्याहून नेमका, पण तो आपण देवासाठी राखून ठेवलाय. शेजारच्या काकूंना कुणी ‘गात’ नाही.

आणखी एक. ‘हे गाणं कुणाचं?’ असं विचारलं की आपण गीतकाराचं, संगीतकाराचं, नाहीतर गाणाऱ्याचं नाव सांगतो. योइक ज्याला योइकलं त्याचा असतो, रचणाऱ्याचा नाही. पूर्वी स्वतःचा योइक स्वतः रचणं म्हणजे फुशारकी समजत. तो दुसऱ्याने द्यायचा, लहान मुलाला द्यायचा. म्हणून ‘मित्राचा योइक’ हे तुम्ही प्रश्नात वापरलेलं रूप अगदी बरोबर आहे.

प्रतिसाद

अशा लेखांत ‘योइकचं पुनरुज्जीवन’ असंही सर्रास लिहितात. मला तो शब्द खटकतो. जे मेलं नाही त्याचं पुनरुज्जीवन कसं होईल? योइक दाबला गेला होता. सतराव्या-अठराव्या शतकांत मिशनऱ्यांनी नोआइदींचे, म्हणजे सामी मांत्रिक-वैद्यांचे, ढोल जप्त केले, जाळले. आन्देर्स पाउल्सेन या म्हाताऱ्या नोआइदीवर १६९२ साली नॉर्वेतल्या वादसो इथे खटला चालला, आणि निकाल लागायच्या आत कोठडीतच त्याचा खून झाला. त्याचा ढोल कोपनहेगनला गेला. त्याची मालकी सामींकडे परत यायला २०२२ उजाडलं. ढोलाबरोबर योइकही पाप ठरला. १९५० च्या दशकातसुद्धा सामी भागातल्या शाळांत योइकला मनाई होती. तरी रेनडिअरांच्या मागे, बर्फात, जिथे पाद्री आणि मास्तर पोचत नव्हते तिथे तो चालूच होता.

म्हणून मी ‘योइक पुन्हा उघडपणे ऐकू येऊ लागला’ असं लिहीन. १९६८ मध्ये निल्स-आस्लाक वाल्केआपा या सामी गायकाची योइकची रेकॉर्ड आली. १९८० मध्ये मात्तिस हेत्ता या सामी गायकाने युरोव्हिजन या गाण्याच्या स्पर्धेच्या मंचावर योइक म्हटला, नॉर्वेतल्या आल्ता नदीवरच्या धरणाविरुद्ध सामींचं आंदोलन पेटलेलं असताना. १९९४ ला लिलेहामर ऑलिंपिकच्या उद्घाटनाला वाल्केआपांनीच योइक केला.

‘आध्यात्मिक’ हा शब्दही जपून वापरा. नोआइदी ढोल आणि योइक यांच्या जोरावर तंद्रीत जात, हे खरं. पण अध्यात्म म्हटलं की आपल्या मनात मोक्ष, परमार्थ, गुरू हे सगळं येतं. इथे लांडगा, वारा, मेलेला मित्र एकाच जगात नांदतात आणि योइकने जवळ येतात. १९१० साली योहान तुरी या सामी लेखकाने योइक म्हणजे इतर माणसांची आठवण ठेवण्याची कला आहे, असं लिहिलं. मला ही व्याख्या ‘आध्यात्मिक’पेक्षा खोल वाटते.

जाता जाता: शाळेत टुंड्राच्या धड्यात आपण यांना ‘लॅप’ म्हणून वाचलं. तो शब्द त्यांना अपमानकारक वाटतो, सामीच लिहा.

मूळ धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. ‘आळवणे’वर दोन दिवस घुटमळले, पण विनवणीचा मुद्दा पटला. ‘पुनरुज्जीवन’ तीन ठिकाणी होतं, तिन्ही काढलं. शेवटी नवं क्रियापदच घेतलंय, ‘योइकणे’. रंग-रंगवणे चालतं, तर हेही चालावं. पहिल्याच पानावर एकदा अर्थ सांगीन, पुढे कंस नाही, तळटीप नाही. वाक्य आता असं आहे: ‘तो मंचावर आला, डोळे मिटले, आणि त्याने आपल्या मित्राला योइकलं.’