लग्नाचं जेवण घरच्या हातांनी केलंय का? अनुभव सांगा

अबोली
भाचीच्या लग्नासाठी काल वाशीत एका हॉलचा मेनू बघत होतो. चार स्टार्टर, दोन सूप, चाटचा काउंटर आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात वरणभात. भाचीने विचारलं, मावशी तुझ्या लग्नात काय होतं गं? तेव्हापासून ते सगळं डोळ्यासमोर येतंय, म्हणून हा धागा.

आमचं नोंदणी पद्धतीचं लग्न. विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस लागते, तेवढाच वेळ तयारीला. दोघंही नुकते नोकरीला लागलेलो, आणि आईबाबांच्या पीएफला हात लावायचा नाही हे पक्कं. कोपरखैरण्यात सोसायटीची गच्ची मिळाली. आईची एकच अट होती: पदार्थ मोजके ठेवा, पण दुसऱ्यांदा मागताना कुणाला संकोच वाटता कामा नये. मसालेभात, मठ्ठा, पुरी, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, जिलबी. बस.

तांदूळ, कणीक, तेल एपीएमसीच्या दाणा बाजारातून, खडा मसाला तिथल्याच मसाला मार्केटमधून, भाजी पहाटे. घाऊकमधे सुटं मिळत नाही, म्हणून बटाट्याची गोणी काकांबरोबर वाटून घेतली. जिलबी हलवायाकडून. आचारी एकच, बाकी हात घरचे. आचारीकाकांनी आल्या आल्या सांगितलं, भात सगळ्यात शेवटी लावणार, माणसं जमल्याशिवाय झाकण काढणार नाही. आणि तसंच केलं. अजून भेटल्यावर लोक त्या भाताबद्दल बोलतात.

माझं ठाम मत सांगते, पैसे वाचले ते हलका माल घेऊन नाही. तूप साजूक होतं, हिंग चांगला होता. वाचले ते पदार्थ कमी ठेवल्यामुळे. तुम्ही कसं केलंत ते लिहा.

खोपटवाली
आधी हॉलवाल्याला विचारा!! बरेच जण बाहेरचा केटरर घेऊ देत नाहीत, दिला तर वर रॉयल्टी मागतात. सगळी गंमत तिथेच संपते. सोसायटीची गच्ची किंवा देवळाचा हॉल बेस्ट

घणसोलीकर
आमच्या गावात हे अजून चालू आहे ताई. आगरी लग्नात हळदीच्या दिवशी आळीतल्या बायका दुपारपासून येतात, स्वतःची परात आणि तवा घेऊन. तांदळाच्या भाकऱ्या. पीठ उकडायचं, गरम असतानाच मळायचं, ते सगळ्यांना जमत नाही, हात भाजतात. माझ्या आज्जीच्या भाकरीला कधी चीर गेली नाही. तीन विटांच्या चुली ओळीने मांडलेल्या, एक जण मळते, दोघी थापतात, एक भाजते, टोपल्या भरत जातात. मजुरी कुणी घेत नाही. त्यांच्या घरी लग्न निघालं की आमच्या घरच्या बायका जातात, तोच हिशोब, आणि तो कुणी विसरत नाही.

मासळी दिवाळे गावच्या बाजारातून आणली होती, मटण गावातलंच. केटररला फक्त लग्नाच्या दिवसाचं शाकाहारी दिलं होतं. शहरातले मित्र आले ते केटररचं पनीर सोडून आदल्या दिवशीच्या भाकऱ्या शिल्लक आहेत का विचारत होते 😀

अबोली
किती सुंदर! लग्नाची गाणी, म्हणजे धवले, म्हणणारी धवलारीण पण होती का?

घणसोलीकर
होती ना. आता धवले म्हणणाऱ्या कमी राहिल्यात. आमच्याकडे आलेल्या आजींना मी पूर्ण रेकॉर्ड करून ठेवलंय. नवीन मुली शिकत नाहीत याचं फार वाईट वाटतं. असो, विषय जेवणाचा आहे.

मोगरा_नौपाडा
२०२० चं लग्न, ५० माणसांची मर्यादा. केटरर एवढ्याशा ऑर्डरला यायला तयार नव्हते. मग बिल्डिंगमधल्या चार घरांत स्वयंपाक वाटून दिला. पहिल्या मजल्यावर वरणभात, दुसऱ्यावर पुऱ्या, आमच्याकडे श्रीखंड, समोरच्या काकूंकडे अळूची भाजी. नवरदेव मास्क लावून जिन्यातून पातेली खाली आणत होता. भांडी परत द्यायला काही अडचण आली नाही, सगळ्यांची नावं कोरलेली. काकूंच्या पातेल्यावर त्यांच्या सासूबाईंचं नाव आणि साल होतं.

एकच सांगते, श्रीखंड घरी करणार असाल तर म्हशीचं दूध. ३ लिटर दुधाचा साधारण एक ते सव्वा किलो चक्का पडतो, साखर जवळजवळ तेवढीच. मे महिन्यात चक्का फ्रीजमधेच टांगायचा, बाहेर आंबट होतो.

दुधीभोपळा
@मोगरा अळूत मुळा घालता का तुम्ही? आमच्यात घालतात

मोगरा_नौपाडा
हो, आणि शेंगदाणे, हरभरा डाळ. थोडा गूळ.

दुधीभोपळा
चिंच की आमसूल?

मोगरा_नौपाडा
चिंच. आमसूल नाही 🙏

जुनाठाणेकर
आमचं लग्न सत्तरच्या दशकातलं, तेव्हा घरचं जेवण हीच रीत. साखर रेशनवर. लग्नपत्रिका दाखवून जादा साखरेचं परमिट काढायला वडील खेटे घालत होते ते आठवतंय. जांभळी नाक्यावरून भाजी हातगाडीवर घालून आणली, वाडीच्या अंगणात मांडव, आणि पंगत.

पंगतीबद्दल मुद्दाम लिहितो. अलीकडे सगळे बुफेच स्वस्त असं म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. बुफेत माणूस एकदाच ताट भरतो, डोळ्यांची भूक असते, आणि अर्धं ताट टबात जातं. पंगतीत वाढप्याच्या हातात माप असतं. आधी मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मग वरणभात, वर तूप. कमी वाढायचं आणि पुन्हा यायचं. अन्न वाया जात नाही आणि माणसाची विचारपूसही होते. मात्र १०० पानांना आठ-दहा चपळ वाढपी हवेत. घरची पोरं असली की झालं. आमच्या पंगतीत माझा मेहुणा मठ्ठ्याची झारी घेऊन असा फिरला की पुढे वर्षानुवर्षं आमच्याकडे कुठल्याही कार्याला मठ्ठा त्याच्याकडेच.

खोपटवाली
काका एकदम पटलं. पण गुडघे? आता खाली बसवत नाही कुणाला. टेबलखुर्चीची पंगत करता येते, मांडववाले लांब टेबलं देतात

कळव्याची_लेक
लिहू की नको विचार करत होते. माझ्या लग्नाच्या वर्षी बाबांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली. हिशोबाचे पैसे अडकले. लग्न पुढे ढकलू असं बाबा म्हणाले आणि मी पहिल्यांदा त्यांना रडताना पाहिलं. चाळीतल्या बायकांनी आईला काही न विचारता आपापसात ठरवलं. कुणी दहा किलो तांदूळ, कुणी तेलाचा डबा. बाबांबरोबर काम करणारे एक काका गावी लग्नात आचाऱ्याच्या हाताखाली राबलेले, त्यांनी कढई सांभाळली. आहेर आणू नका, काम करा असं त्या बायकांनीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सासरच्या मंडळींना आधी सगळं खरं सांगितलं होतं. सासरे आले, त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि पुऱ्या तळायला बसले. लोक बघत राहिले.

त्या दिवशी बाबा सगळ्या पंगतींत ताठ मानेने फिरले, आग्रह करत. मला दुसरं काही नको होतं.

अबोली
वाचताना डोळे भरून आले गं. सासऱ्यांना नमस्कार सांग.

घणसोलीकर
ताई ❤️ अशी माणसं जपा

मोगरा_नौपाडा
बाबा कसे आहेत आता?

कळव्याची_लेक
मजेत. सासरे आणि ते रोज तलावपाळीला भेटतात, भांडतात, परत भेटतात.

स्वयंपाकघर_ऐरोली
सगळ्यांना एक कळकळीची विनंती. घरचे १४.२ किलोचे सिलेंडर जोडून गच्चीवर मोठी शेगडी लावू नका. आचाऱ्याला १९ किलोचा कमर्शियल सिलेंडर आणायला सांगा, तो त्याच कामासाठी असतो. सिलेंडर उभा ठेवा, उन्हात नको, मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. आणि भात सकाळी करून टोपात दुपारपर्यंत तसाच ठेवू नका. मोठ्या टोपात आतला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि तिथेच तो बिघडतो. अबोलीताईंच्या आचाऱ्यांनी केलं तेच बरोबर.

दुधीभोपळा
मसालेभातात काजू घालायचे की नाही 🙂

जुनाठाणेकर
तोंडली, गोडा मसाला, वर ओलं खोबरं, कोथिंबीर. बजेट असेल तर काजू. नसले तरी कुणाला आठवण येत नाही.

नवीनजोडी_सीवूड्स
आम्ही डिसेंबरात करतोय, साधारण १०० माणसं, अबोलीताईंचाच मेनू घ्यायचा विचार आहे. प्रमाण सांगाल का कुणी? आई घाबरली आहे

स्वयंपाकघर_ऐरोली
पुऱ्या असतील तर मसालेभाताला ८ किलो तांदूळ पुरे. कणीक ९ किलो, किलोला ४५ च्या आसपास पुऱ्या होतात, माणशी चार धरा. बटाटे १० किलो. मठ्ठ्याला ७ किलो दही, दुप्पट पाणी, आलं, मिरची, कोथिंबीर. मठ्ठा स्टीलमधेच, कल्हई नसलेल्या पितळेत अजिबात नको. आईंना सांगा, कणीक भिजवायला दोघी जणी वेगळ्या ठेवा, बाकी जमतं.

नवीनजोडी_सीवूड्स
खूप खूप धन्यवाद 🙏 टोप केवढा मागू?

स्वयंपाकघर_ऐरोली
भाताला ५० लिटरचा, जाड बुडाचा. झाकण, झारा, मोठा उलथना वेगळे मागावे लागतात, भांडीवाले आपणहून देत नाहीत. पुऱ्या ठेवायला टोपल्या आणि धुतलेली जुनी सुती धोतरं घरून न्या.

खोपटवाली
आणि पाण्याची टाकी आदल्या रात्री भरून ठेवायला वॉचमनला सांगून ठेव