मदत हवी आहे: गादीचा सोल दीड महिन्यात बसतो, काय चुकतंय?

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचं चपलांचं छोटं दुकान आहे, मागच्या खोलीत कारखाना. कारखाना म्हणजे वडील, मी, एक कारागीर आणि घासायची एक मोटार. वडिलांचा हात कोल्हापुरीवर बसलेला. (२०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्यात सोलापूर जिल्हाही आहे. हे कोल्हापूरच्या पाहुण्यांना सांगितलं की ते विषय बदलतात.) पण हल्ली गिऱ्हाईक दुकानात शिरलं की चप्पल हातात घेऊन आधी अंगठ्यानं दाबून बघतं. "गादीवाली हाय का?" म्हणून गेल्या वर्षापासून पट्ट्याच्या सँडलला मी मऊ सोल लावायला लागलो. माझं शिक्षण बीकॉम. फोमातलं जे कळतं ते दाबून दाबून आणि कच्च्या मालाच्या दुकानदाराला विचारून.

माल खपतो. आणि परतही येतो.

आमच्याकडे एक अण्णा येतात, पूर्व भागात यंत्रमागावर कामाला आहेत. बारा तास शहाबादी फरशीवर उभं राहायचं, मागांच्या मधून येरझाऱ्या घालायच्या. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यागत कळ येते, थोडं चाललं की कमी होते. त्यांनी माझ्याकडून गादीची सँडल नेली. पहिल्या आठवड्यात मुद्दाम सांगायला आले, लै भारी आहे म्हणून. सातव्या आठवड्यात तीच सँडल पिशवीत घालून आणली, काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "गादी कुठं गेली बघ."

मी रापीनं (चामडं कापायच्या हत्यारानं) टाचेतून उभी चीर दिली आणि मोजलं. कडेला फोम १२ मिमी होता तसाच, टाचेच्या मध्यावर ७. अंगठ्याखाली वाटीसारखा खड्डा. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा जास्त दबलेली, त्यामुळे टेबलावर ठेवली की सँडल आत कलायची. म्हणजे दीड महिना हा माणूस उतारावर उभा होता.

माझी बांधणी अशी होती: वर रेक्झिन, त्याखाली १२ मिमी सॉफ्ट ईव्हीए (सोलसाठी वापरतात तो हलका फोम), तळाला ५ मिमी रबरशीट. मला वाटलं गादी कमी पडली, म्हणून पुढच्या जोडाला १८ मिमी लावली. ती तर आणखी वाईट निघाली. पाय डुलतो, आणि एका बाईंचा जिना उतरताना घोटा मुरगळला. वडील तेव्हा एवढंच म्हणाले, "गादीवर माणूस झोपतो रे, उभा राहत नाही." त्यानंतर दोन दिवस आमचं बोलणं कामापुरतंच.

दुसरी भानगड पट्ट्याची. पाटावर ठेवून, फरमा (पायाच्या आकाराचा ठोकळा) घालून बसवलेला पट्टा घट्ट असतो, पण गिऱ्हाईक उभं राहिलं की पाय फोमात रुततो आणि पट्टा वर सैल राहतो. मग पाय पुढं घसरतो, बोटं आवळून चालावं लागतं. फोम बसला की आणखीच सैल.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. एका गिऱ्हाइकानं नवी जोडी दुपारभर स्कूटरच्या डिकीत ठेवली, संध्याकाळी तळ आखडून कडा वर उचललेल्या. त्याला बदलून दिली, पण कारण कळलेलं नाही.

मला विचारायचंय ते हे, की थर कसे लावावेत, कुठला थर किती मऊ असावा आणि तो मऊपणा मोजायचा कसा? दुकानदार सॉफ्ट, मीडियम, हार्ड यापलीकडे बोलत नाही. त्याचं मागच्या खेपेचं मीडियम या खेपेला सॉफ्ट लागतं. मोठ्या कंपनीसारखी साच्यात ओतलेली सोल मला परवडणार नाही. शीट कापून, चिकटवून, शिवूनच करायचंय. गड्ड्याच्या जत्रेआधी नवा माल लावायचा विचार आहे, जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद – शीटवाला

पुण्याजवळ फोमच्या कारखान्यात काम केलंय, म्हणून लिहितो. तुम्ही मऊपणाच्या मागे लागलाय, पण तुमचा आजार वेगळा आहे. ईव्हीएमध्ये हवेचे बारीक बंद कप्पे असतात. रोज हजारो वेळा दाबलं की कप्प्यांच्या भिंती वाकून तशाच राहतात, गॅस हळूहळू निसटतो आणि फोम पुन्हा फुगत नाही. याला आमच्यात कॉम्प्रेशन सेट म्हणतात. हलक्या फोममध्ये भिंती पातळ, म्हणून तो लवकर बसतो. त्यामुळे दाबून बघण्याआधी वजन करा. १० सेमी बाय १० सेमीचा, १ सेमी जाडीचा तुकडा कापा, म्हणजे १०० घन सेमी झाला. त्याचं वजन १० ग्रॅम भरलं तर घनता ०.१०. पॅकिंगला ठीक, बारा तास उभ्या माणसाच्या टाचेखाली नाही. तिथं ०.२०च्या आसपासचा माल मागा.

घरच्या घरी चाचणीही करता येते. तुकडा दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये शिकंज्यात धरून पाऊण जाडीपर्यंत आवळा, म्हणजे १२चा ९. एक दिवस तसाच ठेवा. सोडल्यावर अर्ध्या तासानं मोजा. दोन दुकानांचे तुकडे एकदम लावलेत तर कोण खोटं बोलतंय ते कळेल. कडकपणाचं मीटर घेतलंत तर एक लक्षात ठेवा, शोर ए आणि ॲस्कर सी या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. सी पट्टीवरचं ३० हे ए पट्टीवरच्या ३०पेक्षा बरंच मऊ असतं. दुकानदार नुसतं "तीस डिग्री" म्हणाला तर कुठली, ते विचारा.

डिकीचं कोडं सोपं आहे. ईव्हीए उष्णतेनं मऊ पडतं आणि आखडतं. बंद डिकीत, बंद गाडीत ठेवू नका, असं पावतीवरच छापा.

प्रतिसाद – टाच आणि टाचा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अण्णांची लक्षणं तळव्याच्या आतल्या जाड पट्ट्याला (प्लांटर फॅसिया) सूज असल्यासारखी वाटतात, पण ते तपासूनच ठरवायचं. आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवा. तुमची सँडल हे औषध नाही, मदत आहे.

टाचेखाली निसर्गानंच चरबीची गादी दिलेली असते. सपाट मऊ फोमवर ती बाजूला पसरते आणि हाड खाली येतं. म्हणून फोम वाढवण्याऐवजी टाचेला वाटी द्या. कडा ५-६ मिमी उंच असल्या की चरबी हाडाखालीच गोळा राहते. टाच पुढच्या भागापेक्षा साधारण ८-१० मिमी उंच ठेवा, पोटरीवरचा ताण कमी होतो. कमानीखालचा आधार मात्र टणक हवा, तिथं मऊ देऊन उपयोग नाही. आतली कड दबली म्हणता ना, ते त्याचंच.

वरच्या थराला एमसीआर बघा, मायक्रोसेल्युलर रबर. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी पादत्राणांवर काम केलं, त्यात हे रबर वापरलं गेलं. मधुमेहींच्या चपलांत आजही शोर ए १५च्या आसपासचं एमसीआर घालतात. मऊ असूनही ते उसळी धरून राहतं. आणि हात जोडून सांगते, गिऱ्हाईक मधुमेही असेल, पायाला संवेदना कमी असेल, तर त्याच्यावर प्रयोग नको. त्याला खड्डा टोचलेला कळणारच नाही, थेट जखम दिसेल.

प्रतिसाद – अशोक चौक

काय बे, मागाच्या कारखान्यात कधी पाय ठेवलास का? फरशीवर तेलाचे थेंब आणि वर सुताचा कापूस. ईव्हीए तसंच खाली ठेवून स्वस्तात सोल करूलालो म्हणशील तर अण्णा मागात जातील. खाली रबरच पाहिजे, नक्षी खोल पाहिजे, आणि कापूस अडकणार नाही इतकी रुंद. बाकी वडिलांचं ऐक.

प्रतिसाद – आरी आणि दोरा

मिरजेचा आहे, हाच धंदा. पट्टा मऊ थरातून खाली घेऊ नका. मधल्या टणक थराला खाच मारून पट्टा तिथं अडकवा, वर मऊ थर नंतर चिकटवा. मापही फरम्यावर नको. तोच मऊ तुकडा खाली ठेवून माणसाला दोन्ही पायांवर उभं करा आणि मग पट्ट्यावर खूण करा. ३-४ मिमीचा फरक पडतो, तीच तुमची सैल.

आणि रेक्झिन. त्यातल्या पीव्हीसीचं तेल सुटतं आणि साध्या सोल्युशनची पकड मऊ करतं. काही महिन्यांनी वरचा थर सरकतो. पीयूचं (पॉलीयुरेथेन) सोल्युशन वापरा. ईव्हीए आधी घासून रफ करायचं, प्रायमर मारायचा, दोन हात सोल्युशन, हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं, गरम करून दाबायचं. घाई केली की पहिल्या पावसात उघडतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. अशोक चौकवाले, ऐकतोय हो, घरीपण हेच चाललंय.

शेजारच्या सोनाराच्या काट्यावर तुकडा तोलला. ९ ग्रॅम! सोनार म्हणाला, एवढं हलकं माझ्या दुकानात काहीच नाही. मग बाजारात फिरून १९ ग्रॅमचा तुकडा मिळवला आणि दोन्ही शिकंज्यात लावले. दुसऱ्या दिवशी जुना १२ मिमीवरून साडेनऊवर अडकलेला, नवा ११च्या वर आलेला. मी दोन्ही तुकडे वडिलांच्या हातात दिले. त्यांनी अंगठ्यानं दाबले, काही बोलले नाहीत, पण नवा तुकडा खिशात घातला.

आता बांधणी अशी केलीय: वर ४ मिमी एमसीआर, मध्ये १९ ग्रॅमवालं ईव्हीए टाचेला १६ आणि पुढं ८ मिमी असं उतरतं घासून, तळाला नक्षीचं रबर. वाटीच्या कडा वेगळी पट्टी चिकटवून उचलल्यात, त्या अजून ओबडधोबड दिसतात. पट्टा मधल्या थरात. अण्णा दुकानात याच सोलवर उभे राहिले तेव्हा मी गुडघ्यावर बसून खूण केली. खरंच ३ मिमी आत आली.

तीन आठवडे झालेत. काल अण्णांना थांबवून मोजलं तर टाचेला एक मिमीही कमी नाही. सकाळची कळ आहे, पण कमी आहे म्हणतात. डॉक्टरांनी व्यायाम दिलाय, तो करतात का विचारलं तर हसतात. त्यामुळे श्रेय कुणाचं ते मी सांगत नाही.

एकच अडचण राहिलीय. एमसीआरवर रेक्झिन लावलं तर घामानं पाय सरकतो. रेक्झिन काढून पातळ चामडं लावलं तर घाम पिऊन वर्षभरात कडक होईल का? मिरजकर, तुम्ही काय लावता?