पेशवाई ‘बघायला’ कुठे न्यावं? पुणे-वाई परिसरासाठी सल्ला हवा

रुईफूल:
आठवीतली भाची दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून आमच्याकडे पुण्याला येतेय. इतिहास म्हणजे सनावळ्या, असं तिचं पक्कं मत. मला तिला पेशवाई आणि नंतरचा इंग्रजी अंमल वस्तूंमधून दाखवायचाय. शनिवारवाडा सहलीत झालाय, “आत काहीच नाही” म्हणाली. गाडी आहे, दोन दिवस हाताशी आहेत.

मोडीवेडा:
राजा केळकर संग्रहालय. पण सगळं बघायच्या फंदात पडू नका, पोरगी कंटाळेल. दिवे, अडकित्ते आणि वज्री, बस. टाचा घासायच्या पितळी वज्रीवर एवढी कलाकुसर! तलवारी कुठेही बघायला मिळतात, इथे माजघर आणि स्वयंपाकघर आहे. दिनकर केळकरांनी (कवी ‘अज्ञातवासी’) गावोगाव फिरून हे जमवलं आणि अकाली गेलेल्या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं, हेही तिला सांगा.

कृष्णाकाठ:
वाईजवळ मेणवलीला जाच. नाना फडणवीसांचा वाडा, आतली भित्तिचित्रं, मागे कृष्णेचा घाट. मेणेश्वराच्या देवळाशेजारी एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या, त्यातली ही. आधी काही सांगू नका. शंकराच्या देवळापाशी मेरी कशी, हे तिलाच विचारू दे. आणि नाशिकची आहे ना? मग पंचवटीतली नारोशंकराची घंटा तिने पाहिलेली असणार. तीसुद्धा वसईच्याच विजयाची!

तांबूल:
शनिवारवाड्याला पुन्हा न्या, पण फोनवर एक चित्र उघडून. १७९० मध्ये टिपूविरुद्धच्या तहासाठी इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट सवाई माधवरावांच्या दरबारात आला, तो प्रसंग थॉमस डॅनियलने जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून रंगवला. चित्र १८०५ चं, आता लंडनच्या टेट संग्रहालयात. १८२८ च्या आगीत वाडा जळाला. तो दरबार कसा भरायचा, हे आज त्या चित्रात दिसतं. रिकाम्या जोत्यावर उभं राहून बघितलं की अंगावर येतं.
याच वेल्सकडे पुण्याचे गंगाराम तांबट शिकले. त्यांनी काढलेली वेरूळच्या लेण्यांची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठात आहेत आणि आपल्याकडे त्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही, याचं फार वाईट वाटतं. तिथून कसब्यातल्या तांबट आळीत जा. तांब्याच्या भांड्यावर एकेक ठोका कसा बसतो, ते मठारकाम समोर बघता येतं.

सावळाराम_७:
वरचे सल्ले चांगले आहेत, पण सगळे वाड्यांचे आणि दरबाराचे. इंग्रजी अंमल म्हणालात तर गंज पेठेतला फुले वाडा वगळू नका. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६८ मध्ये अस्पृश्य मानलेल्यांना घरचा पाण्याचा हौद खुला केला, तो इथे. मॅलेटच्या तहापेक्षा हे तिला जास्त भिडेल असं मला वाटतं.

रुईफूल:
फुले वाडा माझ्या डोक्यातच नव्हता, मनापासून आभार! पहिला दिवस केळकर, तांबट आळी आणि फुले वाडा, दुसरा मेणवली. शनिवारवाडा संध्याकाळी जमवते. मेणवलीचा वाडा आतून बघता येतो ना?

कृष्णाकाठ:
वाडा खाजगी मालकीचा आहे, आदल्या दिवशी चौकशी करून निघा. घाट आणि घंटा केव्हाही. सकाळी लवकर पोचा, नंतर गर्दी होते.