सहा डीलर, भाव कुणीच सांगेना

सोमवार, ६ एप्रिल २०२६. साउथ ब्रन्सविक, न्यू जर्सीहून

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात सासू-सासरे सांगलीहून येताहेत. आमच्या गाडीत सहा माणसं मावणार नाहीत, म्हणून टोयोटा सिएना घ्यायचं ठरवलंय. पंधरा दिवसांत सहा डीलरांच्या वेबसाइटवर फॉर्म भरले. दोघांकडून चकार शब्द नाही. तिघांकडून आपोआप येणारं 'धन्यवाद' आणि मग रोज एकच मेसेज, "कधी येताय?" भाव विचारला की गप्प. सहाव्याने भाव दिला, दोन्ही मुलांना गाडीत कोंबून पाऊण तास गेलो, तर गाडी आदल्या संध्याकाळीच विकलेली!

लेखी भाव मागण्यात माझं काही चुकतंय का? मंडईतला भाजीवालासुद्धा आधी भाव सांगतो हो.

— मं.

सोमवार, ६ एप्रिल. पार्सिपनीहून

अगं, आधी सांग, फॉर्म कुठल्या वारी भरलेस? आपली सगळी मंडळी शनिवारी मुलांचे क्लास उरकतात आणि रविवारी चहा घेऊन या कामाला बसतात. न्यू जर्सीत रविवारी मोटारविक्री कायद्यानेच बंद असते. तुझी चौकशी सोमवारच्या ढिगात गेली असणार.

मी मात्र रविवारीच डीलरच्या आवारात चक्कर मारतो. मागे लागायला कुणी नसतं. काचेवरचा मोठा कागद निवांत वाचायचा. त्याला मोनरोनी स्टिकर म्हणतात, १९५८ च्या कायद्याने नव्या गाडीवर तो लावावाच लागतो. कंपनीने सुचवलेली किंमत, वाहतूक खर्च, गाडी कुठे जोडली, सगळं त्यावर असतं. शेजारी आणखी एक कागद चिकटवलेला दिसला तर तो डीलरचा स्वतःचा. टायरमध्ये नायट्रोजन, काचेवर नंबर कोरणे, रंगाला संरक्षण, असली तोंडी लावणी. ती नकोत म्हणून सांगता येतं.

आणि पेनसिल्व्हेनियात टॅक्स ६ टक्के म्हणून कुणी तिकडे पिटाळलं तर जाऊ नकोस. गाडी इथे रजिस्टर करायची तर टॅक्स इथलाच, ६.६२५ टक्के.

— एक काका

मंगळवार, ७ एप्रिल. एडिसनहून

काकांचं रविवारचं बरोबर आहे, पण तेवढ्याने पाचजण भावाबद्दल गप्प बसत नाहीत. मी तीन वर्षं एका डीलरकडे इंटरनेट डेस्कवर होते, म्हणून आतली गोष्ट सांगते.

तो फॉर्म विक्रेत्याकडे जातच नाही, तो यायचा आमच्याकडे. आमचं काम अपॉइंटमेंट लावणं. किती लोक दारातून आत आले, यावर आमचा हिशोब. खरा भाव किती जणांना सांगितला, हे कोण मोजतंय? उलट भाव लिहून दिला की माणूस तोच कागद पुढच्या डीलरला दाखवून शंभर डॉलर पाडून घेतो, ही मॅनेजरची धास्ती. त्यामुळे आकडा द्यायचा अधिकार आम्हाला नव्हताच. तुला "कधी येताय" लिहिणाऱ्या मुलीला बिचारीला भाव बहुतेक माहीतही नसेल.

त्यात तू निवडलीस सिएना! २०२१ पासून ती फक्त हायब्रिड येते, आणि कुठल्या डीलरला किती गाड्या हे कंपनी ठरवते. वेबसाइटवर 'इन ट्रान्झिट', म्हणजे अजून वाटेत, दिसणारी गाडी पुष्कळदा कुणीतरी डिपॉझिट भरून धरलेली असते. हातोहात खपणाऱ्या गाडीच्या मेलला उत्तर द्यायची घाई कुणाला असणार?

फॉर्म सोड. फोन करून नव्या गाड्यांच्या सेल्स मॅनेजरचं नाव विचार आणि त्यालाच चार ओळी लिही. गाडीचा स्टॉक नंबर (डीलरने त्या गाडीला दिलेला), तुझा झिप कोड, गाडी कधी उचलणार, आणि 'आउट द डोअर' किती? म्हणजे गाडी, डॉक फी (कागदपत्रांचे म्हणून डीलर लावतो ते पैसे), टॅक्स, रजिस्ट्रेशन सगळं धरून एकच आकडा. पैसे रोख देणार हे आधीच सांगू नकोस, लोनमध्येही त्यांची कमाई असते. डॉक फी वेगळी लिहून माग. न्यूयॉर्कमध्ये ती १७५ डॉलरच्या वर नेता येत नाही. आपल्याकडे मर्यादाच नाही, तेव्हा भावात सोडलेले पैसे तिथे काढून घेतात. आणि ही गाडी कुणी धरलेली नाही, हेही लेखी घे. नाहीतर पुन्हा पाऊण तास.

— शु.

गुरुवार, १६ एप्रिल. साउथ ब्रन्सविकहून

शुताई, काका, जमलं! गंमत म्हणजे ज्या डीलरकडून चकार शब्द आला नव्हता, त्याच्याच मॅनेजरने दुपारच्या आत आकडा पाठवला. डॉक फी बघून डोळे पांढरे झाले, ती कमी करणार नाही म्हणाला. मग तेवढे पैसे गाडीच्या किमतीतून सोडवून घेतले. स्टिकरवर 'प्रिन्स्टन' वाचून नवरा खूश, म्हणे आपल्या शेजारीच बनली! ते इंडियानातलं प्रिन्स्टन निघालं.

आता नवीन पेच. सासूबाईंनी फोनवर मुहूर्त सांगितला, अक्षय्य तृतीया, १९ एप्रिल. कॅलेंडर काढलं तर रविवार! काकांचा कायदा आडवा आला. शनिवारी संध्याकाळी गाडी घरी आणायची, पण रात्रभर ती डीलरचीच समजायची आणि रविवारी पूजा करून आपली म्हणायची, या तोडग्यावर त्या राजी झाल्या आहेत.

नारळ आणि हळद-कुंकू आहे. झेंडूचं तोरण कुणाकडे असेल तर कळवा, शनिवारी येता येता घेऊन जाऊ. प्लास्टिकचंही चालेल.

— मं.