अनुभव धागा: स्क्रिप्टमधले ऑब्झर्व्हर, तुमचं काय काय झालं?

स्केचअप, फ्रीकॅड, ब्लेंडर या थ्रीडी मॉडेलिंगच्या प्रोग्रामांसाठी स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला कधी ना कधी ऑब्झर्व्हरशी गाठ पडतेच. मॉडेलमध्ये काही बदललं की आपली ठरलेली मेथड (कोडचा तुकडा) आपोआप चालते, एवढंच त्याचं काम. वाचायला सोपं, पण अक्कल येते ती फसल्यावरच. आपापले अनुभव लिहा. माझ्यापासून सुरुवात करतो.

स्केचअपच्या रुबी भाषेत एंटिटीजऑब्झर्व्हर, म्हणजे एंटिटींवर (रेषा, बिंदू अशा मॉडेलमधल्या वस्तूंवर) नजर ठेवणारा ऑब्झर्व्हर लिहिला होता. नवी रेष आली की ऑनएलिमेंटॲडेड चालायचं आणि मी रेषेच्या टोकाशी खुणेचा बिंदू टाकायचो. पण तो बिंदूही नवी एंटिटीच! त्यासाठी पुन्हा तीच मेथड, पुन्हा बिंदू, पुन्हा मेथड. एक रेष काढली आणि प्रोग्राम बंद पडला. आपलीच भर ओळखायला फ्लॅग (खुणेचं व्हेरिएबल) ठेवला, तेव्हा ते चक्र थांबलं. तरी अनडू बिघडलेलंच. एकदा दाबलं की बिंदू जायचा, रेष तशीच. शेवटी बदलांचा एक गट (ऑपरेशन) सुरू करणाऱ्या स्टार्ट_ऑपरेशनचं चौथं आर्ग्युमेंट ट्रू दिलं. त्याने आपला बदल आधीच्या ऑपरेशनला जोडला जातो आणि एका अनडूत दोन्ही जातात. हे मला दोन दिवसांनी सापडलं.

*

माझ्याकडे स्केचअपमध्ये एक वस्तू निवडली की कन्सोलमध्ये तीच ओळ सात वेळा यायची. सात का, तर सकाळपासून मी फाइल सात वेळा लोड केली होती आणि दर वेळी नवा ऑब्झर्व्हर जोडला जात होता. काढायला गेले तर निघेना. रिमूव्ह_ऑब्झर्व्हरला जोडलेला तोच ऑब्जेक्ट लागतो, त्याच क्लासचा दुसरा चालत नाही. मी तर तो जोडतानाच कंसात न्यू करून बनवला होता, हातात काहीच उरलं नव्हतं. आता मॉड्यूलच्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवते. लोड होताना आधी जुना काढते, मगच नवा जोडते.

*

फ्रीकॅडमध्ये ऑब्झर्व्हरमधलं स्लॉटचेंज्डऑब्जेक्ट प्रत्येक प्रॉपर्टीच्या बदलाला चालतं. मी त्यात मोजमापांचा तक्ता नव्याने भरत होतो, त्यामुळे साधं रिकम्प्यूटही (मॉडेलची फेरआकडेमोड) रखडायचं. मेथडला प्रॉपर्टीचं नाव मिळतंच. पहिल्याच ओळीत ते तपासून नको असेल तर परत फिरा.

*

स्केचअपमध्ये वस्तू पुसली की चालणाऱ्या ऑनएलिमेंटरिमूव्ह्डमध्ये एंटिटी मिळत नाही, नुसता आयडी मिळतो. बरोबरच आहे, वस्तू तर पुसली गेलेली. पण मला तिचं नाव हवं होतं. म्हणून वस्तू आली की आयडी आणि नाव हॅशमध्ये (जोड्यांच्या यादीत) टिपून ठेवतो, गेली की तिथून वाचतो.

*

ब्लेंडरवाल्यांसाठी: नवी फाइल उघडली की हँडलर (ब्लेंडरमध्ये ऑब्झर्व्हरचं काम करणारी फंक्शन) गायब होतात. फंक्शनवर पर्सिस्टंट डेकोरेटर (फंक्शनच्या वर लिहायची खुणेची ओळ) लावला की टिकतात. माझी अख्खी संध्याकाळ यात गेली.

*

बिंदूवाल्या दादांना विचारायचं होतं, बिंदू टाकायचं काम शून्य सेकंदांच्या टायमरवर ढकलून पाहिलंत का? माझ्या स्क्रिप्टमध्ये ऑब्झर्व्हर फक्त नोंद करतो, बदल टायमर करतो. तेव्हापासून एकदाही क्रॅश नाही.