ग्रॅम्प्समध्ये एकच उदगीर पाच वेळा आलंय, कोणतं ठेवू?

उदगीरची लेक:
नमस्कार मंडळी. माहेरच्या घराण्याची वंशावळ ग्रॅम्प्स या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतेय. थोरल्या काकांची वही, पुण्याच्या चुलतभावाची गेडकॉम फाईल (एका सॉफ्टवेअरमधली वंशावळ दुसऱ्यात नेता येते ती) आणि माझ्या नोंदी एकत्र केल्या. जागांची यादी उघडली तर उदगीरच उदगीर! 'उदगीर, जि. बिदर', 'उदगीर, जि. उस्मानाबाद', 'मु. पो. उदगीर, जि. लातूर', वर 'उदगिर' आणि 'उद्गीर' वेगळेच. आजोबा, वडील आणि माझा धाकटा भाऊ जन्मले एकाच वाड्यात, पण जिल्हे तीन.

भाऊ म्हणतो, सरसकट लातूर करून टाक. मला अजिबात पटत नाही. आजोबांच्या वेळी निजामाचं राज्य होतं, जिल्हा बिदर. तो पुसला तर पुढच्या पोरांनी जुने कागद हुडकायचे कुठे? मार्ग सांगा.

देवणीकर:
ताई, बिदर पुसूच नका. आधी बॅकअप घ्या. मग कंट्रोल दाबून दोन उदगीर निवडा, एडिटमध्ये मर्ज आहे. जी नोंद ठेवाल तिला दुसरीचे जन्म, लग्नं, मृत्यू आपोआप जोडले जातात. असं करत एकच उदगीर उरू द्या. त्याच्या नावात फक्त 'उदगीर' ठेवा, मु. पो., जि. सगळं काढा. 'उद्गीर' वगैरे पर्यायी नावांत राहू द्या, शोधताना कामी येतात.

आता खरं काम. उदगीरच्या नोंदीत 'एन्क्लोज्ड बाय' आहे, तिथं वरचा जिल्हा तारखेसकट जोडता येतो. 1 नोव्हेंबर 1956 च्या आधी बिदर, तिथून 1982 पर्यंत उस्मानाबाद, पुढं लातूर. जागेचं शीर्षक आपोआप बनू दिलं की आजोबांच्या जन्मापुढं बिदर दिसेल आणि भावाच्या पुढं त्याच्या सालाप्रमाणं. बिदरच्या वर हैदराबाद संस्थानही जोडा. उस्मानाबादचं धाराशिव झालं, त्यासाठी नवा जिल्हा करू नका. त्याच नोंदीत नाव वाढवा. आमची देवणीसुद्धा आधी उदगीर तालुक्यातच होती, तालुक्यांनाही हीच रीत.

जुने कागद:
एक भर घालतो. हे सगळं तारखेवर चालतं, म्हणून निजामकाळच्या कागदावरचं साल नीट बघा. 1347 लिहिलेलं असेल तर ते बहुधा फसली, म्हणजे निजामाच्या सरकारी दप्तरातलं साल. त्यात 590 मिळवा, म्हणजे 1937-38. तसंच 1347 टाकलं तर आजोबा पणजोबांच्याही आधी जन्मतील. ज्या घटनेला तारीखच नाही तिला अंदाजे तरी द्या, '1948 पूर्वी' असं चालतं. मूळ फसली साल टिपणीत जसंच्या तसं ठेवा.

उदगीरची लेक:
देवणीकरदादा, जमलं! आजोबांपुढं बिदर, हैदराबाद संस्थान असं वाचून डोळे भरून आले हो. आता आत्याचं सासर: काकांच्या वहीत नुसतं 'वाढवणा'. यादीत वाढवणा बुद्रुक आणि वाढवणा खुर्द दोन्ही आहेत. करू का मर्ज?

देवणीकर:
नाही ताई! ती दोन वेगळी गावं आहेत. एकदा मिसळली की कुणाचं लग्न कुठलं ते सोडवता सोडवता पुरेवाट होईल. 'वाढवणा' तिसरी नोंद म्हणून तशीच ठेवा. आत्याच्या घरचा सातबारा मागवा, त्यावर गाव पूर्ण लिहिलेलं असतं. ते बघून मगच जोडा.